उजवा हात आणि याकोबरावांचे प्रकरण

माजलगावच्या तहसील कचेरीसमोर मी अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याची वेळ आजवर कोणत्याही साहेबावर आलेली नाही, एवढे नम्रपणे नमूद करतो. ज्यांच्या अंगावरून वारे गेले आहे, अथवा ज्यांच्या घरात तसा रुग्ण पडून आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून मी हे लिहीत आहे. ओघाने त्यात एका प्रकरणावरचा माझा अभिप्रायही येईल. तो मला दोनदा विचारण्यात आला आणि दोन्ही वेळा मी तो धडपणे देऊ शकलो नाही. आज देता येईल की नाही, हेही मला सांगता येत नाही.

वारे

त्या दिवशी माझ्या टेबलासमोर एक म्हातारी बसली होती. निराधार योजनेतून तिचे नाव निघाले होते, कारण दप्तरी ती मयत दाखवली गेली होती. खिडकीशी उभी राहून ती स्वतः बोलत होती आणि आतला कारकून तिलाच सांगत होता की, आजी, तुम्ही वारलात. असे अर्ज मी पुष्कळ लिहिले आहेत. ‘अर्जदार ही हयात असून समक्ष अंगठा करीत आहे’ हे माझे ठरलेले वाक्य. ‘हयात’ या शब्दापर्यंत आलो आणि पेन घसरले. रेघ उतरत कागदाबाहेर गेली.

मला वाटले टेबल हलले. पेन उचलू गेलो. पेन दिसत होते, हातही दिसत होता, पण दोघांची गाठ पडेना.

“अप्पा,” म्हातारी म्हणाली, “तुमचं तोंड कावून वाकडं झालं?”

मी तिला काहीतरी खडसावून सांगितले असावे. जे तोंडातून निघाले ते कोणत्याच भाषेतले नव्हते. म्हातारीने हातातली पिशवी टाकली आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारू लागली.

जीपने घरी नेले तेव्हा माझे मेहुणे, भीमाशंकर, आधीच हजर होते. त्यांना या विषयातले सर्व कळते. “वारं गेलंय. कबुतराच्या रक्तानं चोळलं की उतरतंय. माणूस माझ्या वळखीचा हाय.” चार शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते योग्य वाटत होते, हे लपवत नाही. माझी पत्नी महानंदा उठली. ती जीपवाल्यापाशी गेली आणि म्हणाली, “अंबाजोगाईला घ्या, मोठ्या दवाखान्यात.”

“आगं, पर कबुतर...”

“कबुतर तू खा,” ती भावाला म्हणाली, आणि माझे डोके मांडीवर घेऊन मागे बसली.

वाचकांना माझे पहिले सांगणे हेच की, तोंड वाकडे होताच दवाखान्याची वाट धरावी. चोळणाऱ्याकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नंतर स्पष्ट केले.

दवाखान्यातील दिवस

निदानाच्या दिवसाचे मला तुटक स्मरण आहे. मशिनीत डोके घातले. तरुण डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “आजोबा, मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली आहे. जीव वाचेल असं वाटतंय. हाताचं आत्ता सांगता येत नाही.” आजोबा म्हटल्याचा राग आधी आला, आणि हाताची भीती नंतर.

हात खाटेवर माझ्या शेजारी पडलेला असे. तो माझा आहे असे वाटत नसे. कोणी तरी विसरून गेलेली वस्तू असावी, तसा. झोपेत तो अंगाखाली आला तर दुसरेच कोणी अंथरुणात आहे, या भयाने मी दचके. सकाळी सिस्टर चादर बदलत, कारण काही वेळा ती ओली झालेली असे. तेव्हा मी भिंतीकडे पाहत राही. नंतर चहा, नंतर साहेब लोकांची फेरी. फेरीत माझ्याविषयी बोलत, माझ्याशी नाही. ज्या माणसाकडे लोक ‘माझं म्हणणं नीट मांडा’ म्हणून येत, त्याला ‘पाणी’ एवढे मांडता येत नव्हते.

आम्ही लिंगायत. डाव्या तळहातावर इष्टलिंग धरायचे आणि उजव्या हाताने भस्म, बेल वाहायचे, ही रोजची पूजा. माझा डावा हात चांगला होता, म्हणजे देव धरता येत होता. वाहता काही येत नव्हते. महानंदा माझ्या वतीने बेल वाही. तिची बोटे माझ्या तळहातावर आली की मला रडू येई आणि ती म्हणे, “अवं, डोळे पुसू का आधी, का बेल वाहू?”

शेजारची खाट

शेजारी याकोबराव होते. दिंद्रुडचे ख्रिस्ती गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची डावी बाजू गेली होती आणि हृदयही थकले होते. सेवेला त्यांची मुलगी रूथ असे.

“तुमची कोणती गेली?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. मी डोळ्यांनी उजव्या हाताकडे खूण केली.

“माझी डावी. म्हंजे दोघांत मिळून एक फुल तिकीट झालं की!”

आम्ही मोसंबी अशीच खात असू. ते उजव्या हातात धरीत, मी डाव्या हाताने सोलीत असे. महानंदा ते पाहून हसली. आजारपण सुरू झाल्यापासून ती प्रथमच हसत होती.

भीमाशंकर भेटीला आले तेव्हा त्यांनी याकोबरावांच्या खाटेवर टांगलेला छोटा क्रूस पाहिला आणि बहिणीला बाजूला घेतले. बाजूला म्हणजे माझ्या पायाशी. “दाजींना दुसऱ्या खाटंवर हलीव. बाटवतील.”

“आरं, त्यांचं अर्धं अंग हलंना,” महानंदा म्हणाली, “ते काय बाटवतेत?”

“पावणं, आर्धंच बाटवतो,” याकोबराव पलीकडून म्हणाले. “त्यांची उजवी बाजू.”

भीमाशंकर हसले नाहीत. मला मात्र हसताना तोंडाची वाकडी बाजूही थोडी हलल्याचे जाणवले.

प्रकरण

माझी वाचा हळूहळू परत आली. एकदा दुपारच्या जेवणानंतर याकोबराव म्हणाले, “अप्पा, जलमभर तुमी लोकांचे जबाब लिवले. खोटा जबाब वळखू येतो का?”

“लिहितानाच कळतो,” मी म्हणालो. हे खरे आहे.

“मंग माझी एक केस हाय. ऐका, आन टिकंल का सांगा. फी म्हून मोसंबी.”

प्रकरण येशू ख्रिस्ताचे होते. त्याला क्रूसावर मारले, कबरेत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी तो देहासह उठला, असे त्यांचे म्हणणे. मी विचारले की, तुम्ही तर जन्मापासून हेच मानता, मग मला कशाला विचारता?

ते म्हणाले, “कसं हाय, गाडीत बसल्यावर माणूस पाटी वाचीत न्हाई. आता माझा स्टॉप जवळ आलाय. गाडी तितंच चाललीय का, येकदा पाटी वाचावी म्हन्लं.” थट्टेचा सूर कुठेच नव्हता. त्यांचा उजवा हात डाव्या हाताला चोळत होता.

मी उशीला टेकून बसलो. अनेक दिवसांनी कोणी तरी माझ्याकडे कामाने आले होते.

“प्रथम पाहिले कोणी?”

“बायांनी. भल्या सकाळी देहाला सुगंधी मसाला लावाया गेलत्या.”

“त्या काळी बायकांची साक्ष धरीत होते?”

“न्हाई म्हणत्यात. चर्चातले आमचे पाळक सांगायचे.”

येथे मी थांबलो. बनावट अर्ज तयार करताना पहिला साक्षीदार वजनदार घेतात. पाटील, मास्तर, निदान मिशीवाला कोणी. जिचे म्हणणे कचेरी ऐकणार नाही, अशा बाईचे नाव पहिल्या क्रमांकावर कोणी घालीत नाही. ती तिथे खरोखर असेल, तरच नाइलाजाने ते नाव येते.

“त्याचे बाकीचे लोक?”

“त्याला धरला तवाच पळाले. एक जण तर शेकोटीपाशी बसून म्हन्ला, मी त्याला वळखतच न्हाई. आन बायांनी सांगितलं, तर बडबड म्हन्ले.”

“हे विरोधकांनी लिहिले?”

“त्याच्याच मान्सांनी.”

माझ्यासमोर बसून आजवर कोणी ‘लिहा, मी भित्रा आहे’ असे सांगितलेले नाही.

“सर्वांचे जबाब जुळतात?”

“कुटं जुळतेत! येक म्हंतो कबरंपाशी देवदूत येक, दुसरा म्हंतो दोन.”

हा त्यांना दोष वाटत होता. मला वाटला नाही. पढवलेले साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलतात. भावकीच्या मारामारीत खरोखर हजर असलेली माणसे काठी कोणाच्या हातात होती, यावरही भांडतात. मात्र मी त्यांना सहज सोडले नाही. सर्व साक्षीदार एकाच घरचे आहेत, असा आक्षेप मी घेतला.

“येक जण इरुद्ध पार्टीचा व्हता. ह्यांना धरून तुरुंगात टाकाया निघालता, वाटंत उठलेला येशू त्याला भेटला. आन येशूचा सख्खा भाऊ. जित्ता व्हता तवर मानीत नव्हता, मागून मानाया लागला.”

भाऊ आधी मानीत नव्हता, हे मला पटले. भावाने आधी मानले असते, तरच मी शंका घेतली असती.

“घटना आणि लिखाण यांत अंतर किती?”

“लई वर्सं,” ते हळूच म्हणाले. “आदी तोंडानंच चाललतं.”

“हे अंगाशी येणारे आहे,” मी म्हणालो. “शिवाय मेलेला माणूस उठतो, हे मूळ म्हणणेच अवघड आहे. माझ्या कारकिर्दीत एकही उठलेला नाही.”

“अन् ती तुमची म्हातारी?”

तिची हकिकत मी त्यांना सांगितली होती. “ती मेलीच नव्हती. नोंद चुकली होती.”

“पर कारकून काय करत व्हता? ती म्होरं उभी, आन ह्यो म्हंतो वारलात! तितंबी तेच झालं. त्यो म्होरं उभा ऱ्हायला, तर ही मान्सं म्हन्ली भूत हाय. मंग त्यानं मासळी मागितली आन खाऊन दावली. हयातीचा दाखला, अप्पा! आनखी काय पायजे?”

मी बराच विचार करून सांगितले, “हा अर्ज मला बनावट वाटत नाही.”

“म्हंजे खरा?”

“तसे मी म्हटले नाही. बनावट नसलेला अर्जही चुकीचा असतो. माणूस प्रामाणिकपणे चुकतो, स्वप्नाला खरे समजतो. अभिप्राय तूर्त राखून ठेवतो.”

“तुमी तर सायबापरीस वंगाळ,” याकोबराव म्हणाले आणि मोसंबी पुढे केली. पण ते स्वस्थ झाल्यासारखे दिसले. माझी स्वस्थता मात्र गेली.

पुरणे

आमच्या समाजात दहन नाही. मृताला बसवून पुरतात, भस्म लावून, बेल वाहून, हातात लिंग देऊन. वडिलांना मी तसेच बसवले होते. शरण, म्हणजे भक्त, शिवात मिळाला, ऐक्य झाला, आता पुन्हा येणे नाही. हीच आमच्याकडे मोठी गती. याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

“तुमच्यात बसवून पुरत्यात म्हणे?” याकोबरावांनी विचारले.

“होय.”

“बरं हाय की. शेवटल्या दिशी समदे उठतील, तवा तुमाला उठाया सोपं. आमाला आडव्याचं उभं ऱ्हावं लागंल, त्येबी आर्ध्या अंगानं.”

मी त्यांना समजावले की आम्हाला उठायचे नसतेच. थेंब पाण्यात गेला की संपले. तुम्हाला हे शरीर परत कशाला हवे? आत्मा सुखरूप राहिला म्हणजे झाले.

“कावून हवं?” त्यांनी उजवा हात वर केला. “ह्या हातानं पोरीला झोका दिला. बायको गेली तवा ह्याच्या बोटांत तिची बोटं व्हती. देव म्हणंल, याकोब, तू ये, ती अंगाची पेटी तितंच ठेव. मी म्हणंन, आवं, पेटीतच सगळं हाय. त्यो उठला तवा हातावरच्या खिळ्याच्या खुणा तशाच व्हत्या, अप्पा. नवा कोरा हात न्हाई घेतला त्यानं. त्योच.”

मी माझ्या हाताकडे पाहिले. मला शिवात मिळायचे होते, हे खरे. पण त्या क्षणी मला तो हात हवा होता, हेही खरे. ही दोन्ही म्हणणी एकाच अर्जात कशी मांडावी, हे मला उमगेना.

महानंदा खाली बसून पालेभाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “याकोबभाऊ, लहान लेकरंबी उठतेत का?”

आमची एक मुलगी होती. शिवलीला. चालायला लागली आणि तापाने गेली. आमच्या दफनभूमीत बाभळीपाशी तिला ठेवले. त्यानंतर आम्ही दोघांनी तिचे नाव घेतलेले नाही. घेऊ नये असे ठरले नव्हते, घेतले गेले नाही. महानंदाने ते मागे टाकले आहे, असे मी समजून चाललो होतो.

“उठतेत, वैनी,” याकोबराव म्हणाले.

“मग ती केवढी असंल? तेवढीच? मला वळखंल का?”

रूथ चमचा धुता धुता थांबली. याकोबराव म्हणाले, “मला म्हाईत न्हाई. येवढंच ऐकलंय, की येशूच्या कबरंपाशी येक बाई रडत व्हती. त्यो म्होरं उभा, तरी तिला वाटलं माळी हाय. मंग त्यानं तिला नावानं हाक मारली. तवा वळखलं.”

महानंदाने भाजीची काडी मोडली. “नावानं,” ती म्हणाली, आणि पुन्हा निवडू लागली. मी काही बोलायला हवे होते. माझी वाचा तेव्हा परत आलेली होती.

मूठ

दोघांनाही जवळपास एकाच सुमारास घरी सोडले. याकोबराव चाकाच्या खुर्चीतून जाताना ओरडले, “अप्पा, निकाल पोस्टानं धाडा!”

घरी हाताचे व्यायाम सुरू झाले. ताटातले हरभरे उचलणे, चेंडू दाबणे. हातात थोडे बळ आले. मूठ मिटू लागली, पण मिटलेली मूठ उघडेना. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितले होते की मिटणे आधी येते, उघडणे सर्वांत शेवटी, आणि जोर केला तर ती जास्तच आवळते. रुग्णाच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे. आमच्या घरी यावरून भांडणे झाली. “सोडा ना गिलास,” महानंदा म्हणे. “मी धरून ठेवलाय असे वाटते का तुला?” मी ओरडे. त्या म्हाताऱ्या बाईचा अर्ज दुसऱ्याने लिहिला आणि तिचे काम झाले, असे कळले. आनंद झाला, पण पूर्ण झाला नाही.

मग रूथचा फोन आला. बाबा गेले.

मी आणि महानंदा गेलो तेव्हा दिंद्रुडच्या दफनभूमीत फार माणसे नव्हती. पेटी खाली उतरवली. ते आडवे होते, आणि आता त्यांना उभे राहावे लागेल हे आठवून मला भलत्याच वेळी हसू आले, आणि लगेच रडू. रूथ जवळ आली.

“काका, बाबा सगळ्यांला सांगायचे, माजलगावच्या अप्पांनी माझी केस तपासलीय, खोटी न्हाई म्हन्ले. लई आधार वाटायचा त्यांना त्याचा. दोन शब्द बोलता का?”

माझा अर्धा अभिप्राय त्यांनी पूर्ण करून घेतला होता. दुरुस्ती करावी, तर अर्जदार खड्ड्यात. न करावी, तर मी न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष दिल्यासारखे होते. मी काठीवर भार देऊन उभा राहिलो.

“मी दुसऱ्या धर्माचा माणूस आहे,” मी म्हणालो. “जे घडले असे सांगतात, ते मी पाहिलेले नाही. पण ज्यांनी सांगितले, ते खोटे बोलत असल्याचे मला आढळले नाही. याहून पुढचा अधिकार मला नाही.”

“आमेन,” मागून एक म्हातारा म्हणाला. मी आमेन म्हणावे असे काही बोललो नव्हतो.

सर्वांनी मूठमूठ माती टाकली. मी डावा हात पुढे केला होता, पण मागे घेतला. त्या माणसाला डाव्या हाताने माती देणे मला बरे वाटेना. वाकून उजव्या मुठीत माती घेतली आणि खड्ड्यावर हात धरला. मूठ उघडली नाही. लोक थांबले. मी जोर केला, ती अधिक आवळली. पाळक खाकरले.

“ऱ्हाऊ द्या, काका,” रूथ म्हणाली. “तेवढी न्या.”

परतताना रिक्षात ती माती माझ्या मुठीतच होती. ती कुठे टाकायची, याचा निर्णय मला करता येईना. ती याकोबरावांची होती, आणि नव्हतीही. माजलगाव जवळ आल्यावर महानंदाने आमच्या दफनभूमीपाशी रिक्षा थांबवायला सांगितली. मी कारण विचारले नाही. बाभूळ खूप वाढली होती. खाली काहीच खूण उरलेली नव्हती. गवत होते, वाळक्या शेंगा होत्या. जागा नेमकी कोणती, हे मला सांगता आले नसते. ती मात्र सरळ चालत गेली.

तिथे उभी राहून ती म्हणाली, “शिवलीला.”

जेवायला बोलवावे, तशी. मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल अशी.

माझा अभिप्राय मागणाऱ्यांना मी एवढेच कळवू शकतो की, तिने हाक मारली आणि मी उत्तराची वाट पाहिली. का पाहिली, ते मला माहीत नाही. आमच्या धर्माप्रमाणे तिकडून उत्तर येण्याचे कारण नाही, आणि याकोबरावांच्या धर्माप्रमाणेही अजून उठण्याची वेळ झालेली नाही. तरी मी कान देऊन उभा होतो. शेजारी महानंदाही तशीच उभी होती.

खाली पाहिले तेव्हा माझी मूठ उघडी होती. माती केव्हा पडली, ते आम्हा दोघांपैकी कोणीही पाहिले नाही.